दहा शीट प्लाय आणि ४८५ किलोंचा हिशेब

३२ चौरस फूट. प्लायवुडच्या एका अख्ख्या शीटचं हे क्षेत्रफळ, आठ फूट बाय चार फूट. आता दुसरं माप बघा. अमेरिकेत घराशेजारच्या गॅरेजमध्ये हौशी लोक लाकडाचा जो छोटा, थेंबासारखा दिसणारा, दोघांना झोपण्यापुरता ट्रेलर बांधतात, त्या टीअरड्रॉपचं जुनं, रूढ माप आहे लांबी आठ फूट, रुंदी चार फूट, उंची चार फूट. तळाला एक शीट, डाव्या भिंतीला एक, उजव्या भिंतीला एक. हा योगायोग नाही. टीअरड्रॉपचा गोंडस आकार सगळ्यांच्या डोळ्यांत भरतो, पण त्याचं माप सौंदर्यदृष्टीनं ठरवलेलं नाही. ते प्लायच्या कारखान्यानं ठरवलं आहे.

सनावळी लावली की हे स्पष्ट होतं. अमेरिकेत प्लायवुड लोकांसमोर आलं ते १९०५ मध्ये, ऑरेगनमधल्या पोर्टलँडच्या प्रदर्शनात. आठ-चारची प्रमाणित शीट बाजारात आली १९२८ मध्ये. पण तेव्हाचं प्लाय पावसात भिजलं की पापुद्रे सुटायचे. त्यातून दारं, पेट्या होत, उघड्यावर ठेवायची वस्तू होत नसे. वॉशिंग्टन राज्यातल्या अ‍ॅबर्डीन गावी हार्बर प्लायवुड या कंपनीचे रसायनतज्ज्ञ जेम्स नेविन यांनी १९३४ मध्ये पूर्णपणे पाण्याला टिकणारा डिंक तयार केला आणि प्लाय घराबाहेर पडलं. मंदीचा काळ होता, हॉटेलचं भाडं परवडत नव्हतं, आणि बहुतेकांच्या गाड्यांची इंजिनं बेताची होती. हलका, बुटका, घरी बांधता येईल असा ट्रेलर नेमका त्याच दशकात पसरला. या प्रकाराचं श्रेय बहुधा कॅलिफोर्नियातल्या पासाडेनाच्या लुई रॉजर्स यांना देतात. स्वतःच्या मधुचंद्रासाठी त्यांनी असा ट्रेलर बांधला होता. दुसऱ्या महायुद्धानंतर अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा मुबलक झाला, आणि १९४७ मध्ये ‘मेकॅनिक्स इलस्ट्रेटेड’ मासिकानं आराखडे छापल्यावर दुसरी लाट आली. पुढच्या दशकात मोठी इंजिनं, मोठे महामार्ग आणि उभं राहता येईल असे मोठे कॅराव्हॅन आले, तसे टीअरड्रॉप मागे पडले. इंटरनेट घरोघरी पोचल्यावर ते पुन्हा वर आले. आजही आराखडा बहुतेक तोच आहे, कारण शीट तीच आहे.

किती शीट लागतात? चार बाय आठच्या साध्या ट्रेलरचा हिशेब मांडू. १८ मिलिमीटरच्या तीन, म्हणजे तळ आणि दोन भिंती. १२ मिलिमीटरच्या तीन, आतलं पार्टिशन, मागच्या ओट्याची कपाटं आणि फळ्यांसाठी. छताला ३ मिलिमीटरच्या चार, दोन बाहेरून आणि दोन आतून. एकूण दहा शीट, ३२० चौरस फूट. अमेरिकेतल्या हल्लीच्या दरानं जाड शीट सरासरी ८० डॉलर, मधली ६० आणि पातळ २५ धरली, तर २४० अधिक १८० अधिक १०० मिळून ५२० डॉलर होतात. बोल्ट लावून जोडायची लोखंडी सांगाड्याची ट्रेलर-किट, दारं, खिडक्या, छताचा पंखा, पत्रा, गादी, बॅटरी आणि वायरिंग धरून पूर्ण ट्रेलरचा माल साधारण साडेतीन हजार डॉलरच्या घरात जातो. म्हणजे ज्याला ‘लाकडी ट्रेलर’ म्हणायचं, त्यात लाकडाचा वाटा जेमतेम १५ टक्के. प्लाय स्वस्तातलं घेऊन पैसे वाचवायला जाणाऱ्यानं हा आकडा भिंतीवर लिहून ठेवावा. हलकं प्लाय घेऊन शे-दीडशे डॉलर वाचतील, पण सडलेली भिंत बदलायची तर अख्खा ट्रेलर उकलावा लागतो.

मजुरी यात धरलेली नाही. सुतारकाम बेताचं येणाऱ्या माणसाला अशा बांधणीत २०० ते ४०० तास जाणं अगदी सहज आहे. मधला ३०० चा आकडा घेऊन त्याला कॅलिफोर्नियाचं २०२४ चं किमान वेतन, तासाला १६ डॉलर, लावलं तर ४,८०० डॉलर होतात. मालापेक्षा हात महाग पडले. तरी बेरीज ८,३०० येते आणि कारखान्यातला तयार टीअरड्रॉप बहुधा दहा हजारांच्या पुढेच सुरू होतो. तेव्हा घरी बांधणं स्वस्त पडतं हे खरं, पण वाटतं तितकं नाही. ज्याला सुताराच्या कामात रस नाही, त्याच्यासाठी तर ते नक्कीच स्वस्त नाही.

आता आत शिरू. बाहेरून चार फूट म्हणजे १२२ सेंटिमीटर. दोन भिंतींची जाडी वजा केली की आत ११८ राहतात. दोघं झोपले तर प्रत्येकाच्या वाट्याला ५९ सेंटिमीटर. अमेरिकेत तान्ह्या बाळाच्या पाळण्याची प्रमाणित गादी ६९ सेंटिमीटर रुंद असते! मधुचंद्रापुरतं हे चालून जात असेल, लग्नाला वीस वर्षं झालेल्यांनी पाच फुटांचा विचार करावा. पाच फुटांत माणशी ७४ सेंटिमीटर मिळतात. पण मग तळाची शीट पुरत नाही, जोड द्यावा लागतो. वाऱ्याला अडवणारं क्षेत्र १६ वरून २० चौरस फुटांवर, म्हणजे सरळ २५ टक्क्यांनी वाढतं. आणि एवढं करूनही ६० इंची क्वीन गादी आत बसत नाही, दीड इंच कमी पडतो, कारण दोन्ही भिंती पाऊण-पाऊण इंच खातात. म्हणून जाणकार भिंती तळाच्या कडेवर उभ्या न करता बाहेरून चिकटवतात, आणि तो दीड इंच परत मिळवतात.

सगळ्यात अवघड भासणारं काम म्हणजे छताचा बाक, आणि प्रत्यक्षात त्याचा हिशेब सगळ्यात सोपा आहे. लाकूड वाकवलं की त्याची बाहेरची बाजू ताणली जाते. तो ताण म्हणजे जाडीला त्रिज्येच्या दुपटीनं भागायचं. तीन मिलिमीटरचं प्लाय ३० सेंटिमीटर त्रिज्येच्या बाकावर बसवलं तर ताण अर्धा टक्का येतो. सहाचं बसवलं तर एक टक्का. कोरडं लाकूड साधारण एक टक्क्याच्या आसपास तडकायला लागतं. म्हणून सहा मिलिमीटरचं छत हवं असलं तरी सहाची शीट वाकवत नाहीत. तीनची एक शीट छताच्या पट्ट्यांवर वाकवून बसवायची, तिच्यावर डिंक पसरून दुसरी वाकवायची आणि पट्टे आवळून एक रात्र तशीच ठेवायची. वाकण्याविरुद्धचा ताठपणा जाडीच्या घनाप्रमाणे वाढतो. सुट्या दोन शीट मिळून एकीच्या दुप्पट ताठ असतात, पण डिंक सुकला की तीच जोडी आठपट ताठ होते. मग ते छत आपला आकार सोडत नाही.

इथवरचं काम गॅरेजमध्ये दिसतं, पाहुण्यांना दाखवता येतं. खरी परीक्षा पुढे, हायवेवर आहे.

रिकाम्या ट्रेलरचं वजन मांडू. चाकांसह लोखंडी सांगाडा ११५ किलो. १८ मिलिमीटरच्या एका शीटचं वजन सुमारे ३२ किलो, म्हणजे तळाचे ३२ आणि बाकदार कापून उरलेल्या दोन भिंतींचे ५३. छताचं आतलं-बाहेरचं प्लाय १७. आतलं पार्टिशन आणि कपाटं ५३. एक मिलिमीटर अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा चौरस मीटरला २.७ किलो, छत आणि भिंती धरून २७. पट्ट्या आणि थर्माकोलच्या जातीचा फोम २०. दारं, खिडक्या, पंखा, बिजागऱ्या आणि स्क्रू मिळून ३५. गादी १५. लिथियम बॅटरी १२, वायरिंग ५. बेरीज ३८४. डिंक, रंग आणि आपला ढिसाळपणा धरून ३९० म्हणू.

ही ३९० किलोंची वस्तू दोन चाकांच्या एका एक्सलवर उभी असते आणि तिची पुढची दांडी गाडीच्या मागच्या बॉलवर टेकते. त्या बॉलवर किती भार यावा याचा ठोकताळा पक्का आहे. एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के. बैलगाडीत मागे जास्त भरलं की गाडी उलाळ होते आणि जू बैलांच्या मानेवरून उचललं जातं, हे खेड्यातल्या पोरालाही कळतं. ट्रेलरचंही तसंच, फक्त इथे वेग ताशी ९० किलोमीटर असतो. पुढे भार कमी असला की ट्रेलर आधी हळूच डावी-उजवीकडे डुलू लागतो. ठरावीक वेगापुढे प्रत्येक हेलकावा आधीच्यापेक्षा मोठा होत जातो आणि शेवटी ट्रेलर गाडीचं शेपूट धरून तिला फिरवतो.

टीअरड्रॉपची गंमत, किंवा गोची, अशी की त्याचं स्वयंपाकघर मागे असतं. झाकण वर उचलायचं, खाली ओटा. छायाचित्रांत हेच झाकण असतं, आणि सगळं जड सामानही त्याच्याखालीच जातं. पुढचे आकडे सावकाश वाचा. बॉल ते एक्सल अंतर २.७ मीटर धरू. रिकाम्या ट्रेलरचा गुरुत्वमध्य एक्सलच्या २७ सेंटिमीटर पुढे आहे, तर बॉलवर ३९ किलो येतात. बरोबर १० टक्के. बांधणारा खूश. आता प्रवासाला निघताना मागच्या ओट्यात २० लिटर पाणी, बर्फासह २५ किलोंची कूलर पेटी, १० किलोंची शेगडी आणि सिलिंडर, १५ किलोंची भांडी आणि डबे ठेवले. एकूण ७० किलो, एक्सलच्या पाऊण मीटर मागे. बॉलवरचे १९ किलो कमी झाले. आता तिथे उरले २० किलो आणि ट्रेलर झाला ४६० किलोंचा. प्रमाण ४.३ टक्के. गॅरेजमधून बाहेर पडताना अगदी योग्य असलेला ट्रेलर नाश्त्याचं सामान भरल्यावर धोकादायक झाला, आणि बाहेरून काहीही बदललेलं दिसत नाही.

उपाय पैशांचा नाही, जागा बदलण्याचा आहे. २५ किलोंच्या कपड्यांच्या बॅगा पलंगाच्या पुढच्या टोकाला ठेवल्या तर बॉलवर २८ किलो येतात, ४८५ वर पावणेसहा टक्के. पाण्याचा कॅन मागून काढून दांडीवरच्या पेटीत, एक्सलच्या १.८ मीटर पुढे ठेवला की ४७ किलो, ९.७ टक्के. ओट्याखालची बॅटरीही त्याच पेटीत नेली की ५८ किलो, म्हणजे १२ टक्के. एक पेटी आणि चार मीटर वायर एवढ्यात काम झालं. अनुभवी लोक म्हणूनच एक्सल ट्रेलरच्या मध्यावर न लावता मागे, पुढच्या टोकापासून साधारण ६० टक्क्यांवर लावतात आणि सामान भरल्यावर बॉलची उंची राखून दांडी बाथरूमच्या वजनकाट्यावर टेकवून बघतात. काटा नसेल तर ट्रेलर रस्त्यावर काढू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

४८५ हा आकडा दुसऱ्या कारणानंही सोयीचा आहे. कॅलिफोर्नियात १,५०० पौंड, म्हणजे ६८० किलो आणि त्यापुढच्या कॅम्प ट्रेलरला स्वतःचे ब्रेक सक्तीचे आहेत. युरोपात बिनब्रेकच्या ट्रेलरची मर्यादा ७५० किलो. चार बाय आठचा लाकडी टीअरड्रॉप दोन्हींच्या आत बसतो. पाच बाय दहाचा बांधला, त्यात एसी, दुसरी बॅटरी आणि ओक लाकडाची कपाटं घातली, की ही सवलत हातची जाते.

वाऱ्याबद्दल फार बोललं जातं, तेवढा तो महत्त्वाचा नाही. समोर बोथट आणि मागे निमुळता हा थेंबाचा आकार मोकळ्या हवेत उत्तम, पण ट्रेलर मोकळ्या हवेत नसतो, गाडीच्या मागच्या खवळलेल्या हवेत असतो. त्याचा फायदा मुख्यतः बुटकेपणाचा आहे. मोठा कॅराव्हॅन गाडीच्या डोक्यावरून वर येतो आणि समोरची हवा अंगावर घेतो. हा गाडीच्या आडोशाला राहतो. बाकी पेट्रोल वाचवायचं तर वेग कमी करावा. ५५ मैलांवरून ६५ वर गेलात की हवेचा विरोध ४० टक्क्यांनी वाढतो. कॅलिफोर्नियात ट्रेलर ओढणाऱ्यांना ५५ मैलांचीच मर्यादा आहे, त्यामुळे तिथे हा प्रश्न कायद्यानं सोडवला आहे.

पाण्याचं मात्र तसं नाही. लाकडी ट्रेलर अपघातानं जातात त्याहून कितीतरी जास्त सडून जातात, आणि पाणी दोन वाटांनी येतं. पहिली वाट वरून. छताचा पत्रा आणि भिंत जिथे मिळतात, तिथे अ‍ॅल्युमिनियमची पट्टी स्क्रूनं बसवतात. दोन्ही बाजूंची मिळून ही कड सुमारे २८ फूट, दर तीन इंचांना एक स्क्रू, म्हणजे ११२ भोकं. शिवाय ती नेमकी प्लायच्या कापलेल्या कडेत, जिथे लाकडाचे तंतू उघडे असतात आणि वातीसारखं पाणी ओढतात. लाकडातला ओलावा २० टक्क्यांच्या वर राहू लागला की बुरशीला रान मोकळं. चांगला बांधणारा एकेक भोक आधी हवं त्यापेक्षा मोठं पाडतो, त्यात इपॉक्सी भरतो, ती सुकली की तिच्या मधोमध बारीक भोक पाडून स्क्रू फिरवतो. स्क्रू लाकडाला शिवतच नाही. पट्टीखाली ब्युटाइलची चिकट टेप. ११२ वेळा हे करणं कंटाळवाणं आहे, आणि ट्रेलर पाच वर्षं टिकणार की पंचवीस, हे त्या कंटाळ्यावर ठरतं. ज्यांना हे नको, ते पत्र्याऐवजी छतावर सुती कॅनव्हास टाइटबाँड डिंकात भिजवून ताणतात आणि वर घराच्या बाहेरच्या रंगाचे थर देतात. त्याला गरिबाचं फायबरग्लास म्हणतात. दिसायला ओबडधोबड, पण छताला भोकं नाहीत. मला विचाराल तर पहिल्यांदा बांधणाऱ्यानं हेच करावं.

दुसरी वाट आतून, आणि तिचा विचार फार थोडे करतात. आतल्या झोपायच्या जागेत जेमतेम दोन घनमीटर हवा असते. २० अंशांना एक घनमीटर हवा जास्तीत जास्त १७ ग्रॅम बाष्प धरते, म्हणजे सगळी मिळून ३५ ग्रॅम. झोपलेला माणूस श्वासातून आणि त्वचेतून तासाला साधारण ४० ग्रॅम पाणी सोडतो. दोघांचे ८०. हवा पूर्ण कोरडी होती असं मानलं तरी अर्ध्या तासात ती तुडुंब भरते. त्यापुढचं सगळं पाणी थंड पत्र्यावर आणि खिडकीच्या काचेवर जमतं, आणि गादीखाली उतरतं. आठ तासांत ६४० ग्रॅम, अर्ध्या लिटरहून जास्त. सकाळी गादी उचलून खालची फळी पुसायची सवय नसेल, तर छत कितीही उत्तम असलं तरी तळ आतून सडेल.

त्याच दोन घनमीटरांचा आणखी एक आकडा आहे आणि तो जिवाशी आहे. दोघं झोपलेले तासाला सुमारे २४ लिटर कार्बन डायऑक्साइड सोडतात. जागा पूर्ण बंद असेल तर त्याचं प्रमाण दर तासाला १.२ टक्क्यांनी वाढेल. सकाळपर्यंतचा गुणाकार करायची गरज नाही. हवा घरातल्या बऱ्या खोलीसारखी ठेवायची तर तासाला २४ घनमीटर ताजी हवा हवी, म्हणजे आतली सगळी हवा ताशी १२ वेळा बदलायला हवी. छतावरच्या १४ इंची पंख्याला सगळ्यात कमी वेगातही हे सहज जमतं, पण हवा आत यायला खिडकी चार बोटं उघडी हवी. थंडीत लोक नेमकी तीच बंद करतात. आणि शेगडी मागच्या झाकणाबाहेरच पेटवायची, आत नाही, कितीही पाऊस असला तरी. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. सूचना देणारं यंत्र विजेच्या वायरिंगसोबतच बसवून टाकावं.

विजेचं गणित थोडक्यात. कॉम्प्रेसरवर चालणारा छोटा फ्रिज दिवसाला साधारण ३८० वॉट-तास घेतो, रात्रभरचा पंखा ९६, दिवे २०, दोन फोन ३०. बेरीज ५२६. शंभर अँपिअर-तासांच्या लिथियम बॅटरीत १,२८० असतात, म्हणजे दोन दिवस निभावतात. फ्रिजऐवजी बर्फाची पेटी घेतली तर आठवडाभर. साऱ्या वीजखर्चाचा जवळपास तीन-चतुर्थांश भाग एका फ्रिजचा आहे, तेव्हा निर्णय बॅटरीचा नसून फ्रिजचा आहे.

शेवटी कागद. अमेरिकेत बहुधा राज्याचा अधिकारी ट्रेलर तपासतो, त्याला क्रमांक देतो, आणि नोंदींत कंपनीच्या नावाच्या जागी ‘घरी बनवलेला’ असा संकेत पडतो. न्यू जर्सीत किंवा बे एरियात राहणाऱ्या, गॅरेज आणि शनिवार-रविवार हाताशी असणाऱ्या मराठी माणसाला हे सहज जमण्यातलं आहे. महाराष्ट्रात प्लायचा प्रश्न नाही. आपल्याकडेही आठ-चारची शीट मिळते, आणि पाण्याला टिकणारं मरीन प्लाय आयएस ७१० या मानकाचा शिक्का बघून कुठल्याही मोठ्या दुकानात घेता येतं. प्रश्न नोंदणीचा आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात मोटार वाहनाच्या व्याख्येतच ट्रेलर येतो, म्हणजे इंजिन नसलं तरी तो नोंदणीशिवाय रस्त्यावर आणता येत नाही. त्यामुळे हौस असेल तर करवत हातात घेण्याआधी आराखडा आणि वजनाचा तक्ता घेऊन आपल्या आरटीओत जा, घरी बांधलेल्या ट्रेलरची नोंदणी ते कशी करतील हे लेखी घ्या, आणि मगच पहिली शीट विकत आणा.